पांढऱ्या नराचा निवाडा

जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराची पाहुण्यांना फिरवायची एक ठरलेली वाट असते. आमची स्टुटगार्टची वाट अशी: टीव्हीचा मनोरा, मोटारींचं म्युझियम, एक दिवस ब्लॅक फॉरेस्ट, एक दिवस बोडनझे तलावावर बोट, आणि मधल्या रविवारी घरी इडली. २००६च्या सप्टेंबरात माझे सासरे आले. ही वाट दोन आठवड्यांत संपली आणि व्हिसाचे दिवस मात्र ढीगभर उरले.

बाबा सातारा जिल्ह्यात सरकारी पशुवैद्य होते. सारी नोकरी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत झालेली. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून ते खालून जाणारी कुत्री बघत बसत. "त्या तपकिरी कुत्रीचा उजवा खुबा गेलाय," असं एखादं वाक्य दिवसातून यायचं. अभिजित, माझा नवरा, प्रोजेक्टच्या डिलिव्हरीत गळ्यापर्यंत बुडालेला. त्यामुळे बाबांना कुठे न्यायचं हा प्रश्न माझा होता.

तो कारीननं सोडवला. कारीन माझ्या ऑफिसात समोरच्या टेबलावर बसते. तिचे वडील वर आल्बच्या पठारावर राहतात आणि स्वतःच्या कुंपण घातलेल्या रानात हरणं पाळतात, हे मला माहीत होतं. "तुझ्या सासऱ्यांना घेऊन चल," ती म्हणाली, "पशुवैद्य आहेत, त्यांना आवडेल." दोन दिवसांनी पुन्हा म्हणाली, आणि या वेळी डायरी उघडून. जर्मन माणूस 'या एकदा घरी' असं उगाच म्हणत नाही, हे कळण्याइतकी वर्षं मी इथे काढली होती. पण कारीनला नेमकं काय हवं होतं, ते मात्र मला तिथे पोचल्यावर कळलं.

शुक्रवार

श्वेबिशे आल्ब म्हणजे स्टुटगार्टच्या दक्षिणेला आडवं पसरलेलं चुनखडीचं पठार. खालून पाहिलं तर एक लांबच लांब हिरवी भिंत दिसते. नागमोडी रस्त्यानं ती चढायची, आणि वर पोचलं की सगळं एकदम सपाट. बाबा म्हणाले, "हे तर आपलं कास." पण कासला माणसं असतात. इथे ऑक्टोबरात शेतं कापून झालेली, सफरचंदाची झाडं फळांनी वाकलेली, आणि गावाच्या पाटीनंतर धुकं. धुक्यात कारीननं गाडी इतकी हळू केली, की काचेवर झाडं एकेक करून यायची आणि पुसली जायची.

घर गावाच्या शेवटाला, रानाला चिकटून होतं. तिचे वडील, हेर केलर, दारात उभे होते. उंच, किंचित वाकलेले, हिरवा लोकरी कोट घातलेले. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि "हेर डॉक्टर" म्हणाले. त्यांचं जर्मन अस्सल श्वाबिश, इथल्या बोलीचं. अर्धा शब्द गिळायचा आणि वाक्याच्या शेवटी "गेल?", म्हणजे 'हो ना?', म्हणायचं. मला कान टवकारून ऐकावं लागे.

आत शिरताच भिंतभर शिंगं. फॅलो जातीची हरणं म्हणजे आपल्या चितळाची चुलतभावंडंच, अंगावर तसेच ठिपके. पण नराची शिंगं वर जाऊन पसरट होतात, उघड्या तळव्यासारखी. कवटीसकट लाकडी फळ्यांवर लावलेली अशी शिंगं जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत होती. सगळ्या डोळ्यांच्या खोबणी जेवणाच्या टेबलाकडे. मधोमध एक फळी मात्र नुसतीच होती, तिच्यावर काही नव्हतं. मी विचारलं नाही.

जेवायला मसूर, श्पेट्सले नावाच्या जाडसर शेवया आणि बटाट्याचं सॅलड. आम्ही दोघं शाकाहारी म्हणून कारीननं सॉसेजेस वेगळ्या बशीत ठेवली होती. बाबांना सॅलड फार आवडलं, दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा वाढताना कारीनचा चेहरा पडला. इकडे सॅलडमध्ये मांसाचं गरम पाणी घालतात, ते तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी घाबरत घाबरत बाबांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता बटाट्याला काय जाब विचारणार. सांग तिला, चव चांगली होती." हेर केलर हसले. घर थोडं सैल झालं.

तेवढ्यात तो आवाज आला.

रानाच्या बाजूनं, बंद खिडकीतूनही. एखादा म्हातारा माणूस तोंड उघडं टाकून घोरत असावा आणि घोरता घोरता चालत असावा, तसा. एक थांबला की दुसरा, दूरवर तिसरा. "नर," कारीन म्हणाली. "हा त्यांचा माजाचा महिना. दिवसरात्र चालतं." बाबांना हे सांगायची गरज नव्हती. ते मान तिरकी करून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "एक अगदी जवळ आहे. घरामागेच."

मी भाषांतर केलं. हेर केलर उठले आणि त्यांनी रानाकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

शनिवार

सकाळी धुकं जरा वर उचललं गेलं तेव्हा केलरांनी आम्हाला रान दाखवायला नेलं. हिवाळ्याआधी काही नर काढावे लागतात, त्यांची निवड चालू होती. कुंपणातलं रान जेवढ्यांना पोसू शकतं तेवढेच ठेवायचे, नाहीतर बर्फ पडल्यावर सगळेच भुकेनं खंगतात, झाडांच्या साली सोलून खातात. 'काढणं' म्हणजे गोळी घालणं. केलर हा शब्द अगदी माळी म्हणतो तसा म्हणत.

बीच झाडांमध्ये एक लाकडी मचाण होतं. आम्ही तिघं वर चढलो. मी मधे, दोन म्हातारे दोन बाजूंना, दोघांच्या हातात दुर्बिणी. समोर एक मोकळी जागा, तिच्यात पायांनी उकरलेले काळे खड्डे. माजावर आलेले नर त्यांत मुततात आणि लोळतात. तो उग्र वास मचाणापर्यंत येत होता.

"कोवळ्यातले दुबळे आणि म्हाताऱ्यातले थकलेले काढायचे," केलर म्हणाले. "मधल्यांना हात लावायचा नाही. त्यांना वाढू द्यायचं."

बाबांना हे फार पटलं. "आपल्याकडे नेमकं उलटं होतं," ते म्हणाले. "देखणा बोकड जत्रेला जातो आणि मागं राहिलेला किरटा वंश वाढवतो."

केलरांनी मान हलवली. "शिकारीला येणारे पाहुणे आमच्याकडेही तेच करतात. भिंतीवर लावायला त्यांना सगळ्यांत देखणाच हवा असतो."

मग त्यांचं जे सुरू झालं त्यात मला कुणी विचारत नव्हतं. मी नुसती नळी झाले होते, एका बाजूनं मराठी ओतायचं, दुसरीकडून जर्मन बाहेर. शिंगांकडे नंतर बघ, आधी चाल बघ. मान खाली लोंबते का? पोट सुटलंय का? पाठीचा कणा सरळ आहे की झोळीसारखा? एका शिंगाचं वेडंवाकडं पोर, मागचे पुठ्ठे बसलेले: काढायचा. दोघांचं लगेच जमलं. दुसरा एक लंगडणारा: काढायचा.

तिसऱ्यावर अडलं. ऐन वाढीतला नर, पण शिंगं अरुंद आणि अंग वाळलेलं. केलर म्हणाले, काढू. बाबा बराच वेळ दुर्बीण लावून बसले. "शेपटी बघा त्याची, घाण आहे. जंत झालेत. खाणं अंगी लागत नाही म्हणून शिंगं तशी. औषध द्या आणि एक वर्ष थांबा."

मी सांगितलं. केलरांनी पुन्हा पाहिलं, आणि "गेनाऊ," म्हणाले. बरोबर. "राहू दे."

मी एक वाक्य इकडून तिकडे नेलं आणि समोरचं एक जनावर पुढच्या वर्षापर्यंत जगलं. त्याला काहीच कळलं नाही, ते पाला हुंगत होतं.

त्याच वेळी घोरण्याचा आवाज जवळ आला आणि झाडांतून पांढरा नर बाहेर पडला.

या जातीत पांढरी हरणं निघतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, धुक्याचाच एक तुकडा घट्ट झालाय. फार मोठा, मान जाड, शिंगं तुटकी आणि काळवंडलेली, एका बाजूवर वाळलेलं रक्त. तो आला तसे बाकीचे नर चारी बाजूंना पांगले, माद्यासुद्धा. मोकळ्या जागेच्या मधोमध तो एकटा उभा राहिला आणि त्यानं तोंड आमच्या मचाणाकडे केलं. हरीण माणसाकडे असं बघत नाही. बघून पळतं. हा हललाच नाही.

"आणि याचं काय?" बाबांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. केलरांनी दुर्बीण खाली ठेवली होती.

"कुणाचं?" ते म्हणाले.

"पांढऱ्याचं."

"गारठा वाढला," केलर म्हणाले. "चला, खाली उतरू." आणि त्या बाजूला एकदाही न बघता ते शिडी उतरू लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आम्ही गाडीपर्यंत जाईपर्यंत तो आवाज आमच्या मागं येत होता, कुंपणाच्या पलीकडून, आम्ही थांबलो की थांबणारा.

दुपारी मी भांडी पुसत असताना कारीन बोलली. मान सिंकमध्ये, आवाज हळू.

तिची आई, हिल्डा, त्या वसंतात गेली. हरणांना हिवाळ्यात खुराक घालायचं काम तिचं असे. घरामागच्या कुंपणाशी उभी राहून ती हाक मारायची. ती गेल्यापासून पांढरा रोज घरामागे येऊन उभा राहतो. या महिन्यात त्यानं दोन तरणे नर शिंगांनी फाडले. एक मेलेला सापडला, दुसऱ्याला केलरांनी स्वतः संपवलं. नियमानं बघितलं तर सर्वांत आधी याला काढायला हवं. पण वडील त्याचं नावही घेत नाहीत.

"का?"

तिनं मागं वळून पाहिलं, वडील बाहेर लाकडं फोडत होते. "इकडे म्हणतात, पांढऱ्या हरणाला जो मारतो, त्याच्या घरात वर्षाच्या आत मरण येतं. माझ्या आजोबांनी एक मारला होता. पुढच्या उन्हाळ्यात झाड पाडताना त्याच झाडाखाली गेले. माझे वडील तेव्हा शाळेत होते. ती कवटी आजीनं भिंतीवरून उतरवून पुरली. फळी तशीच राहिली."

"तू मानतेस हे?"

"मी सॉफ्टवेअर टेस्ट करते," कारीन म्हणाली. "पण रान त्यांचं आहे. म्हणून तुझ्या सासऱ्यांना बोलावलं. माझं ऐकत नाहीत, निदान डॉक्टरचं ऐकतील."

मी बाबांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, ते हसतील. ते म्हणाले, "दोन पोरं फाडली म्हणजे काहीतरी दुखतंय त्याला."

रविवार

सकाळी उठले तर बाबांची खोली रिकामी. पलंगावर पांघरूण घडी घातलेलं, बूट नाहीत. बाहेर इतकं धुकं की दारातून अंगणातली विहीर दिसत नव्हती. कारीन आणि केलर अजून उठलेले नव्हते. मी कोट घालून घराला वळसा घातला.

बाबा कुंपणाशी उभे होते. अंगावर अभिजितचं जॅकेट, डोक्याला मफलर. आणि तारेच्या पलीकडे, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, पांढरा. दोघंही स्तब्ध. दोघांच्या तोंडाची वाफ मधेच मिसळत होती.

"बाबा," मी हळूच म्हणाले.

पांढऱ्यानं मान वळवली. मग बाबांना तसंच सोडून तो चालू लागला, तारेच्या कडेकडेनं, थेट माझ्याकडे. शिंगं तारेवर घासत, टक टक टक. माझ्यासमोर येऊन थांबला. एवढ्या जवळून त्याचा वास, त्याचा श्वास.

"डोळे बघ," बाबा म्हणाले.

मी पाहिलं. दोन्ही बुबुळांवर निळसर पांढरा पडदा, दुधात पाणी घातल्यासारखा.

"फूल पडलंय. दोन्ही डोळ्यांत. त्याला काही दिसत नाही गं." बाबा हळूहळू माझ्याजवळ आले. त्यांनी तारेपाशी हात वरखाली केला. नर हलला नाही. त्यांनी जिभेनं टक् केलं, तसे त्याचे कान फिरले. "आवाजाला येतोय. बाईच्या आवाजाला जास्त."

मी वर पाहिलं. घराच्या खिडकीत हेर केलर उभे होते. ते किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक. बाबांकडे किंवा नराकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

मग स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो. कॉफी, काळा पाव, कुणी खाल्लं नाही. बाबा बोलत गेले, मी सांगत गेले. दोन्ही डोळे गेलेत. बरगड्या केसांखाली मोजता येतील इतका वाळलाय. समोर कोण आहे ते कळत नाही, म्हणून आवाज येईल तिकडे शिंगं मारतो, ती दोन तरणी जनावरं तशीच गेली. "तो मारकुटा नाही, घाबरलेला आहे. बर्फ पडलं की खाणं शोधता येणार नाही. कुठल्यातरी खड्ड्यात पडून आठ-आठ दिवस मरत राहील. त्याआधी सोडवा."

केलर टेबलावर पडलेल्या पावाच्या चुऱ्याची बोटानं रेघ करत होते. "हिल्डाला तो शोधतोय असं मला वाटत होतं," ते म्हणाले.

कारीन म्हणाली, "मी करते. बंदूक मला द्या."

"तू नाही."

"पापा, हे सगळं—"

"तू नाही," केलर म्हणाले. "मीच करणार. घरात यायचं असेल तर ते माझ्याकडे येऊ दे, मी म्हातारा आहे." पण त्यांचे हात थरथरत होते, आणि ते त्यांना स्वतःलाही दिसत होतं. असल्या हातांनी नेम चुकला तर ते जनावर जखमी होऊन रानभर फिरलं असतं. त्यांनी हात टेबलाखाली घेतले. मग बाबांकडे वळून विचारलं, "हेर डॉक्टर, तुमच्या देशात काय म्हणतात? अशा मरणाचा भार कुणावर येतो?"

बाबांनी विचार केला. "नोकरीत मी कितीतरी जनावरं झोपवली," ते म्हणाले. "पिसाळलेली, पाय मोडलेली. मालक रडत असायचे, त्यांना पापाची भीती वाटायची. मी प्रत्येकाला सांगायचो, सांगतोय मी, तुझ्यावर काही नाही. घरी जाऊन माणसाला जेवता आलं पाहिजे ना." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "यांनाही तेच सांग. मी सांगतोय. जे यायचं असेल ते माझ्यावर येऊ दे."

मी कॉफीचा कप पुढे ओढला.

"सुमेधा, सांग."

"बाबा, असं कशाला बोलायचं? ठीक आहे म्हणते त्यांना, काळजी करू नका म्हणते."

"तसं नको. मी बोललो तसंच सांग."

मी तसंच सांगितलं. शब्दाला शब्द लावून. "इश झागं एस. वास कॉम्ट, झोल आउफ मिश कॉमन." जर्मनमध्ये ते मराठीपेक्षा जड झालं, दगड ठेवल्यासारखं. केलर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. शेवटी त्यांनी हात टेबलावर आणले. ते थरथरत नव्हते.

धुकं दुपारनंतर विरळ झालं. केलर एकटे गेले. आम्ही तिघं घरामागच्या दाराशी उभे राहिलो. चारी बाजूंनी ते घोरणं चालूच होतं, आता मला त्यातला पांढऱ्याचा आवाज ओळखू येत होता, इतरांपेक्षा खोल आणि तुटक. मग एक बार झाला. एकच.

आणि सगळं रान गप्प झालं. एकामागून एक असं नाही, सगळे नर एकदम. मी शहरातली आहे, पण अशी शांतता मी शहरात काय, कुठेच ऐकली नाही. बाबा पुटपुटत काहीतरी म्हणत होते, मला ऐकू आलं नाही.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा केलर टोपी काढून उभे होते. पांढरा उजव्या कुशीवर पडला होता. पडल्यावर लहान दिसत होता. केलरांनी ओकची एक हिरवी डहाळी मोडली आणि गुडघे टेकून ती त्याच्या दातांमध्ये ठेवली. शेवटचा घास, कारीननं मला सांगितलं. मारलेल्या नराच्या तोंडात हिरवा पाला ठेवल्याशिवाय त्याला हलवत नाहीत.

मी बाबांना सांगायला वळले, तर त्यांनी डोळे मिटले होते. "तुळशीपत्र," ते म्हणाले. सासूबाईंच्या वेळी ते त्यांनीच ठेवलं होतं.

केलरांनी दुसरी डहाळी घेतली, जखमेला लावली. ती मारणाऱ्यानं टोपीत खोवायची असते. त्यांनी तिचे दोन तुकडे केले, एक स्वतःच्या टोपीला लावला. दुसरा घेऊन ते पुढे आले. क्षणभर ते बाबांसमोर थांबले, क्षणभर माझ्यासमोर. मग त्यांनी तो बाबांच्या जॅकेटच्या खिशात खोवला.

संध्याकाळी आम्ही निघालो. गाडीत बसेपर्यंत रानातून आवाज आला नव्हता.

त्यानंतर

बाबा नोव्हेंबरात साताऱ्याला परतले. त्याच सुमारास केलरांचा पहिला फोन आला. संध्याकाळी, घरच्या फोनवर.

"अलेस गुट?" त्यांनी विचारलं. सगळं ठीक?

मी सांगितलं, बाबा सुखरूप पोचले, तब्येत बरी आहे, सकाळी चालायला जातात. "गुट," ते म्हणाले आणि फोन ठेवला. श्वाबिश माणूस फोनवर जास्त बोलत नाही. महिन्याकाठी असा फोन येऊ लागला. प्रश्न तोच, आणि मी बाबांचं सांगायची. साताऱ्याहून बाबा विचारायचे, "केलरबुवा बरे आहेत ना?" फेब्रुवारीत केलर पायरीवरून घसरले, मनगट मोडलं. बाबांनी त्यांच्यासाठी लागोपाठ तीन दिवस मला फोन केला. मेमध्ये बाबांच्या छातीत दुखलं, साताऱ्यात ॲडमिट केलं. ॲसिडिटी निघाली, पण त्या रात्री मी आणि अभिजितनं विमानाची तिकिटं बघून ठेवली होती. मी या भाकडकथेवर विश्वास ठेवत नाही. तरीसुद्धा फोन वाजला की माझा हात आधी थबकायचा.

पुन्हा ऑक्टोबर आला. मी भाताला फोडणी घालत होते.

"अलेस गुट?"

"हो, हेर केलर. आज वर्ष झालं ना? बाबा ठणठणीत आहेत. बाजारहाट करतात. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

मला वाटलं, लाइन गेली.

"फ्राउ सुमेधा," ते म्हणाले, "हेर डॉक्टरांसाठी मी फोन करत नव्हतो."

"मग?"

"ते तुमच्या भाषेत काय म्हणाले, मला कळलं नाही. ते त्यांच्या देवाला ठाऊक. माझ्या टेबलाशी बसून 'जे यायचं ते माझ्यावर येऊ दे' असं जर्मनमध्ये म्हणालात त्या तुम्ही. माझ्या रानात, आमच्या भाषेत. मी त्याच वेळी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. कारण ऐकल्यावर मला हलकं वाटलं."

मी गॅस बंद केला. फोडणी करपत होती.

"म्हणून विचारत होतो," ते म्हणाले. "आता वर्ष झालं. सांगा मला. काही जवळून गेलं का?"

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. आणि मग जानेवारीतला तो पूल आठवला. ऑफिसमधून एकटी येत होते. रस्त्यावर न दिसणारा बर्फ होता. गाडी गरगर फिरली, एकदा, पुन्हा एकदा, आणि कठड्यापाशी उलट्या तोंडानं थांबली. समोरून येणारा ट्रक हॉर्न देत माझ्या आरशाला चाटून गेला. मी बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले, मग घरी आले आणि कुकर लावला. अभिजित गाडी चालवू देणार नाही म्हणून त्याला सांगितलं नाही. बाबांना नाही. कुणालाच नाही. वर्षभर मी दोन म्हाताऱ्यांची काळजी करत होते, त्या गोष्टीशी याचा काही संबंध असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"जानेवारीत," मी म्हणाले.